व्यावसायिक खर्चासाठी रिवॉर्ड कार्डाची निवड : एका भागीदारी संस्थेचे प्रकरण

परिस्थिती

प्रदर्शने आणि परिषदा उभारून देणारी ही तीन भागीदारांची छोटी संस्था आहे. अनेक लहान व्यवसायांत दिसणारी परिस्थिती एकत्र करून हे प्रकरण रचले आहे. रकमा कोणत्याही देशाच्या चलनात न देता ‘एकक’ या मापात दिल्या आहेत, म्हणजे वाचकाला आपल्या खर्चाचे प्रमाण त्यात बसवून पाहता येईल. संस्थेचा वर्षाचा खरेदीखर्च १,००,००० एकक आहे. हा सगळा खर्च आतापर्यंत तिन्ही भागीदारांच्या वैयक्तिक कार्डांवरून, ज्याच्या हाताशी जे कार्ड असेल त्यावरून होत असे, आणि महिनाअखेरीस हिशेबनीस तिघांची स्टेटमेंट समोर घेऊन घरचा खर्च कोणता आणि संस्थेचा कोणता हे निवडत बसत असे. जमा होणारे पॉइंट ज्याच्या त्याच्या नावावर जात. त्यातला एक भागीदार संस्थेच्या खर्चावर मिळालेल्या पॉइंटवर कुटुंबासह प्रवास करून आला, आणि हे पॉइंट नेमके कोणाचे, हा प्रश्न त्यानंतर प्रथमच बैठकीत निघाला. संस्थेच्या नावाने एक चांगले रिवॉर्ड कार्ड घ्यावे, इथपर्यंत एकमत लगेच झाले. कोणते घ्यावे, यावर मात्र तिघांची तीन मते होती, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक माहितीपत्रक होते.

पहिले प्रवास कार्ड. विमान आणि हॉटेल यांवरील खर्चावर दर १०० एककांमागे ५ पॉइंट, इतर खर्चावर २ पॉइंट, वार्षिक शुल्क ६०० एकक, आणि पहिल्या ९० दिवसांत १५,००० एकक खर्च केल्यास १,५०० पॉइंटची स्वागतभेट. दुसरे कॅशबॅक कार्ड. सरसकट दीड टक्का रोख परतावा, शुल्क २०० एकक. तिसरे जाहिरात कार्ड. ऑनलाइन जाहिराती आणि सॉफ्टवेअर यांवर ३ टक्के परतावा, बाकी सर्व खर्चावर पाऊण टक्का, शुल्क ४०० एकक.

माहितीपत्रकावर विसंबून केलेला हिशेब सोपा होता. प्रवासावर वर्षाला २२,००० एकक जातात, एका पॉइंटची किंमत एक एकक धरली, तर प्रवास कार्डावर २,६६० पॉइंट मिळतात आणि शुल्क वजा जाता २,०६० एकक उरतात. कॅशबॅक कार्डावर १,३०० उरतात, जाहिरात कार्डावर १,२९५. प्रवास कार्ड इतके पुढे दिसत होते की बैठक तिथेच संपली असती. हिशेबनिसांनी मात्र एक मागणी केली : मागील बारा महिन्यांचा प्रत्येक व्यवहार कोणत्या विक्रेत्याकडे, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या चलनात झाला याची यादी आधी करावी, आणि मगच निर्णय घ्यावा. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. रिवॉर्ड कार्डाचा फायदा कार्डावर छापलेल्या दरातून फार थोडा ठरतो. तो ठरतो आपल्या खर्चाच्या घडणीतून, आणि ती घडण बँकेला ठाऊक नसते, ती आपल्याच वहीत असते.

खर्चाची खरी घडण

यादी तयार झाली तेव्हा खर्च असा विभागलेला दिसला. ऑनलाइन जाहिराती ३०,०००, विमान आणि हॉटेल २२,०००, छपाई आणि मांडवसाहित्याचे पुरवठादार १६,०००, सॉफ्टवेअरच्या वर्गण्या १२,०००, विमा, वीज आणि कर मिळून ९,०००, इंधन आणि टॅक्सी ६,०००, किरकोळ ५,०००. वरवर पाहता यात नवे काही नव्हते. पण प्रत्येक आकड्याच्या पोटात शिरल्यावर चित्र बदलत गेले.

पुरवठादारांच्या १६,००० पैकी ६,००० एकक अशा पुरवठादारांकडे जात होते, जे एकतर कार्ड घेतच नव्हते किंवा कार्डाने पैसे दिल्यास २ टक्के जादा लावत होते. दीड टक्का परतावा मिळवण्यासाठी दोन टक्के जादा भरणे हा उघड तोटा आहे, तरीही पॉइंटच्या मोहात तो अनेक ठिकाणी नियमाने केला जातो. उलट यातल्या दोन पुरवठादारांनी बँकेतून थेट आणि लगेच पैसे दिल्यास दरात सूट देण्याची तयारी दाखवली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कार्डावर मिळणारे पॉइंट बँक खिशातून देत नाही. विक्रेत्याकडून प्रत्येक व्यवहारामागे जे शुल्क कापले जाते, त्यातला मोठा भाग इंटरचेंज म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि रिवॉर्डचा बराचसा पैसा तिथून येतो. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये इंटरचेंजवर मर्यादा आणली, तेव्हा तिथल्या कार्डांचे पॉइंट आटले ते यामुळेच. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरील इंटरचेंज ०.३ टक्क्यावर बांधले, पण व्यावसायिक कार्डे त्या मर्यादेबाहेर ठेवली. व्यावसायिक कार्डांवर रिवॉर्ड देण्याची सोय तिथे त्यामुळे उरली. थोडक्यात, आपल्याला मिळणारा दीड टक्का पुरवठादाराच्या नफ्यातून निघत असतो, आणि ज्या पुरवठादाराशी आपला रोजचा व्यवहार आहे त्याच्याशी थेट बोलून तो अधिक चांगल्या रूपात मिळवता येतो.

विमा, वीज, कर आणि इंधन यांवर तिन्ही कार्डांपैकी एकही काही देत नव्हते. हे माहितीपत्रकात नव्हते. अटींच्या पानावर, बारीक अक्षरांत, ‘वगळलेले व्यवहार’ या मथळ्याखाली होते. इंधन आणि टॅक्सीच्या ६,००० पैकी इंधनाचे २,००० एकक आणि विमा-वीज-कराचे ९,००० एकक असे ११,००० आणि कार्डाबाहेरच्या पुरवठादारांचे ६,००० वजा केल्यावर परताव्यास पात्र खर्च ८३,००० एकक उरला.

यानंतरची पायरी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खर्च प्रवासाचा आहे की जाहिरातीचा, हे आपण ठरवत नाही आणि वस्तूवरूनही ठरत नाही. ते विक्रेत्याच्या चार अंकी कोडवरून ठरते. हा कोड आयएसओ १८२४५ या मानकानुसार असतो आणि विक्रेत्याला कार्डयंत्र देणारी बँक तो लावते. मोठ्या विमान कंपन्या आणि हॉटेलसाखळ्यांना स्वतंत्र कोड असतात, इतर हॉटेलांना ७०११, प्रवास-एजंटांना ४७२२, टॅक्सीला ४१२१, जाहिरात सेवांना ७३११. आता संस्थेच्या प्रवासाकडे पाहू. २२,००० पैकी ८,००० एककांची तिकिटे आणि खोल्या एका प्रवास-एजंटामार्फत घेतलेल्या होत्या, कारण परिषदेच्या पाहुण्यांसाठी एकदम वीस-पंचवीस खोल्या लागत आणि बदल करायला माणूस उपलब्ध लागे. या व्यवहारांवर ४७२२ हा कोड होता, आणि प्रवास कार्डाच्या अटींत ५ पॉइंट केवळ विमान कंपनी आणि हॉटेल यांच्या कोडलाच होते. विमानात बसणारा माणूस तोच, हॉटेलही तेच, तरी पॉइंट २. त्याचप्रमाणे सॉफ्टवेअरच्या १२,००० पैकी ३,००० एककांच्या वर्गण्या एका विक्रेत्यामार्फत होत्या, आणि त्या विक्रेत्याचा कोड ५७३२, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानाचा, असल्याने जाहिरात कार्डाच्या दृष्टीने ते सॉफ्टवेअर नव्हतेच. उरलेल्या ९,००० एककांच्या वर्गण्या थेट कंपन्यांकडे होत्या, पण त्या सर्व परकीय चलनात.

कोड आधीच कळावा यासाठी हिशेबनिसांनी वापरलेला मार्ग सोपा आहे. स्टेटमेंटमध्ये विक्रेत्याच्या नावासमोर खर्चाचा वर्ग दिसतो का ते आधी पाहावे. दिसत नसेल तर बँकेला लेखी विचारावे. ग्राहकसेवेच्या फोनवर मिळालेले ‘हो, मिळतील पॉइंट’ हे उत्तर वाद झाल्यास उपयोगी पडत नाही.

दुसरा हिशेब

खर्च बारा महिन्यांत सारखा पसरलेला नव्हता, आणि या एका गोष्टीने कॅशबॅक कार्डाचे गणित बिघडवले. प्रदर्शनांच्या हंगामाच्या चार महिन्यांत वर्षाचा निम्मा खर्च होई. म्हणजे हंगामात पात्र खर्च महिन्याला १०,३७५ एकक, आणि उरलेल्या आठ महिन्यांत ५,१८७ एकक. कॅशबॅक कार्डाच्या परताव्याला दरमहा १२० एककांची कमाल मर्यादा होती. वर्षाची सरासरी काढली तर ही मर्यादा कधीच आड येत नाही. प्रत्यक्षात हंगामाच्या प्रत्येक महिन्यात १५५ एकक मिळायला हवे असताना १२० वरच गाडी थांबते. सरासरीवर केलेला कार्डाचा हिशेब हंगामी व्यवसायाला नेहमीच चुकीचे उत्तर देतो, म्हणून तो महिनावारच करावा. तसा केल्यावर कॅशबॅक कार्डाचा वर्षाचा परतावा सुमारे १,१०२ एकक आला. शुल्क २०० गेले, आणि परकीय चलनाच्या व्यवहारांवर हे कार्ड साडेतीन टक्के अधिभार लावत असल्याने ९,००० वर ३१५ गेले. निव्वळ हाती ५८७ एकक.

प्रवास कार्डावर १४,००० एककांवर ७०० पॉइंट आणि उरलेल्या ६९,००० वर १,३८०, असे एकूण २,०८० पॉइंट होत होते. प्रश्न एका पॉइंटच्या किमतीचा होता. बिलात वळते केल्यास एका पॉइंटला ०.४ एकक मिळत होता. विमान कंपनीच्या योजनेत वळवून, योग्य मार्गावर, योग्य दिवशी जागा मिळाली तर एक एकक किंवा त्याहूनही अधिक. ज्याला प्रवासाच्या तारखा सहा महिने आधी ठरवता येतात आणि पुढे-मागे करता येतात, त्याला हा वरचा भाव खरोखर मिळतो, आणि अशा माणसाने प्रवास कार्ड घेण्यात काहीच गैर नाही. या संस्थेचा प्रवास मात्र ग्राहक सांगेल त्या दिवशी, बहुधा आठवडाभर आधी ठरणारा होता, आणि अशा वेळी पॉइंटवरच्या जागा सहसा संपलेल्या असतात. म्हणून पॉइंटची किंमत ०.६ एकक धरली. हे अनुमानच आहे, पण मागील वर्षीच्या प्रत्यक्ष प्रवासांच्या तारखा घेऊन, त्यांतले किती पॉइंटवर करता आले असते हे पाहून ते केलेले आहे, आणि माहितीपत्रकातल्या ‘एक पॉइंट म्हणजे एक एकक’ या विधानापेक्षा ते अधिक विश्वासार्ह आहे. १,२४८ एकक आले. शुल्काचे ६०० आणि २ टक्के अधिभाराचे १८० वजा जाता ४६८ उरले.

पॉइंटबाबत आणखी एक धोका असतो. त्यांचा भाव देणारा पक्ष तो एकतर्फी बदलू शकतो. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये अ‍ॅडव्हान्टेज योजना सुरू केली तेव्हा उडालेल्या अंतरावर माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, मिळत. डेल्टाने २०१५ मध्ये आणि अमेरिकनने २०१६ मध्ये ती पद्धत सोडून भरलेल्या भाड्यावर माइल्स देणे सुरू केले, आणि स्वस्त तिकिटावर लांबचा प्रवास करणाऱ्यांचे सगळे आडाखे एका रात्रीत कोसळले. म्हणून पॉइंट साठवून ठेवण्यात शहाणपण नाही. ते मिळवावे आणि वर्षाच्या आत वापरावे.

जाहिरात कार्डाच्या ३ टक्क्यांनाही दरमहा १०० एककांची मर्यादा होती. हंगामात जाहिराती आणि थेट सॉफ्टवेअर मिळून महिन्याला ४,५०० एकक होत, त्यावर १३५ व्हायला हवे, मिळणार १००. बाकी आठ महिने मर्यादेच्या आत, महिन्याला ७८.७५. असे १,०३० एकक. मर्यादेपलीकडच्या खर्चावर पाऊण टक्क्याने ३५. आणि उरलेल्या ४४,००० वर ३३०. एकूण १,३९५. शुल्क ४०० आणि दीड टक्का अधिभाराचे १३५ वजा जाता ८६० एकक निव्वळ.

माहितीपत्रकांच्या हिशेबात सर्वांत मागे असलेले कार्ड पहिले आले, आणि सर्वांत पुढे असलेले शेवटी गेले. कोणत्याही बँकेने खोटे काही लिहिले नव्हते. प्रत्येकाने आपला दर ज्या खर्चावर सर्वांत चांगला दिसतो तो खर्च पुढे मांडला होता, इतकेच.

प्रवास कार्डाच्या बाजूने असलेल्या भागीदाराने या टप्प्यावर जो मुद्दा मांडला, तो रास्त होता आणि त्याला नीट उत्तर देणे आवश्यक होते. स्वागतभेटीचे १,५०० पॉइंट ०.६ च्या भावाने ९०० एककांचे होतात. म्हणजे पहिल्या वर्षी प्रवास कार्डावर १,३६८ एकक हाती येतील आणि जाहिरात कार्ड मागे पडेल. वर्षभर हे कार्ड वापरून पुढच्या वर्षी बदलावे, असे त्याचे म्हणणे. आकड्यांत चूक नव्हती. स्वागतभेट तीन वर्षांवर पसरली तर मात्र प्रवास कार्डाचे वार्षिक ७६८ होतात आणि जाहिरात कार्ड पुढेच राहते, म्हणून सगळा प्रश्न कार्ड बदलण्याच्या खर्चावर येऊन ठेपला. संस्थेच्या जाहिरात खात्यांवर आणि प्रत्येक सॉफ्टवेअर वर्गणीवर कार्ड नोंदवलेले असते. कार्ड बदलताना एक जरी नोंद राहून गेली तर तो व्यवहार नाकारला जातो, जाहिरात खाते थांबते, आणि प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस जाहिरात बंद राहिली तर गेलेली नोंदणी परत येत नाही. हे काम वर्षाच्या अंतराने दोनदा करण्याची जोखीम दोन कार्डांतल्या ५०८ एककांच्या फरकासाठी घेऊ नये, असे ठरले. ज्या व्यवसायात मोजक्याच ठिकाणी कार्ड नोंदवलेले असते, तिथे याच्या उलट निर्णय योग्य ठरेल.

पॉइंटपेक्षा मोठी गोष्ट

इथपर्यंत चर्चा केवळ परताव्याची होती. कार्डाचा दुसरा लाभ म्हणजे बिनव्याजी मुदत, आणि उधारीवर चालणाऱ्या व्यवसायात तिचे वजन पॉइंटइतकेच, कधी त्याहून अधिक असते.

जाहिरात कार्डाचे बिल तीस दिवसांचे आणि त्यानंतर वीस दिवसांनी देय तारीख. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला पन्नास दिवस मिळतात, बिलाच्या दिवशी केलेल्या खरेदीला वीस, सरासरी पस्तीस. संस्थेचे ग्राहक प्रदर्शन संपल्यावर महिना-दीड महिन्याने पैसे देत, आणि तोपर्यंत हंगामाचे चार महिने संस्था १० टक्के दराने बँकेचा ओव्हरड्राफ्ट वापरत असे. हंगामातले ४१,५०० एकक सरासरी पस्तीस दिवस उशिरा दिले तर १० टक्के दराने व्याजाचे सुमारे ३९८ एकक वाचतात. वर्षभर ओव्हरड्राफ्टवर असणाऱ्या संस्थेत हाच आकडा ७९६ झाला असता, म्हणजे जवळजवळ संपूर्ण निव्वळ परताव्याइतका. हिशेबनिसांनी बँकेला विनंती करून बिलाची तारीख बदलून घेतली, जेणेकरून जाहिरातींची सर्वांत मोठी रक्कम बिल निघाल्यावर दोन-तीन दिवसांत पडेल. या बदलासाठी एक पैसाही लागला नाही.

हीच मुदत दुसऱ्या बाजूने तितकीच धारदार आहे. बिल देय तारखेला पूर्ण भरले नाही तर या कार्डाच्या करारानुसार बिनव्याजी मुदत रद्द होते, आणि व्याज राहिलेल्या रकमेवर न लागता प्रत्येक खरेदीवर तिच्या तारखेपासून लागते, तेही महिन्याला ३ टक्के. हंगामातल्या १०,००० एककांच्या एका बिलावर सरासरी पस्तीस दिवसांचे हे व्याज ३५० एकक होते. त्यात पुढच्या महिन्याच्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते, ते वेगळे. वर्षाच्या ८६० एककांच्या कमाईचा चाळीस टक्के भाग एका चुकलेल्या तारखेने जातो. ‘किमान देय रक्कम’ भरली म्हणजे निभावले, हा समज इथे महागात पडतो. किमान रकमेने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. ज्या व्यवसायाला दरमहा पूर्ण बिल भरण्याची खात्री नाही, त्याने रिवॉर्ड कार्डांची तुलनाच करू नये. त्याने व्याजदर पाहावा, आणि शक्य असेल तर कार्डाऐवजी ओव्हरड्राफ्टच वापरावा. हे मी जोर देऊन लिहितो, कारण सल्ला मागणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा खरा प्रश्न हाच असतो आणि तो शेवटपर्यंत विचारला जात नाही.

उधार मर्यादेची अडचण

जाहिरात कार्डावर निर्णय होऊन अर्ज गेला. बँकेने मंजूर केलेली उधार मर्यादा आली १२,००० एकक. मासिक खर्च १०,३७५, मर्यादा त्याहून अधिक. वरवर पुरेशी वाटते. पण बिल निघाल्यावर देय तारखेपर्यंतचे वीस दिवस जुन्या बिलाची रक्कम मर्यादेत अडकलेलीच असते आणि नवी खरेदी तिच्यावर चढत जाते. पन्नास दिवसांचा खर्च एकाच वेळी उभा राहू शकेल इतकी मर्यादा हवी, म्हणजे या संस्थेला हंगामात सुमारे १७,३०० एकक. मधेच पैसे भरून जागा मोकळी करता येते, पण मग बिनव्याजी मुदतीचा जो लाभ नुकताच मोजला, तोच हातचा जातो.

यावर उपाय म्हणून दुसरे कार्ड घेण्याचा विचार झाला. याआधी तो केवळ परताव्याच्या दृष्टीने तपासून बाजूला ठेवला होता. जाहिराती आणि थेट सॉफ्टवेअर परताव्याची मासिक मर्यादा भरेपर्यंत जाहिरात कार्डावर, उरलेला पात्र खर्च कॅशबॅक कार्डावर, असे केल्यास पहिल्यावर ४९५ आणि दुसऱ्यावर ५३० मिळून १,०२५ एकक निव्वळ होतात. एकट्या जाहिरात कार्डापेक्षा हे १६५ ने अधिक. दोन बिले, दोन देय तारखा आणि त्यांतली एक चुकण्याची शक्यता पाहता १६५ एककांसाठी हा व्याप नको, असे हिशेबनिसांचे मत होते, आणि उधार मर्यादेचा प्रश्न नसता तर तेच बरोबर होते. आता दुसरे कार्ड उधार मर्यादेसाठी हवे होते. शिवाय एक कार्ड नाकारले गेले तर जाहिरात खात्यावर दुसरे पर्यायी म्हणून नोंदवता येत होते. संस्थेने दोन्ही कार्डे घेतली. दोन्हींवर पूर्ण बिलाचे ऑटो-डेबिट लावले, आणि त्याच चालू खात्यात देय तारखेच्या चार दिवस आधी पुरेशी रक्कम आहे का, हे पाहण्याची जबाबदारी नावानिशी एका भागीदारावर टाकली. ऑटो-डेबिट लावले की काम संपले असे नसते. खात्यात पैसे नसतील तर तेही परत जाते.

मालकी आणि जबाबदारी

प्रवासातल्या पॉइंटवरून निघालेला मूळ वाद भागीदारी करारात एक परिच्छेद घालून मिटवला : संस्थेच्या खर्चावर मिळालेला प्रत्येक परतावा संस्थेचा, आणि तो त्या-त्या खर्चातून वजा दाखवायचा. वैयक्तिक कार्डावर संस्थेचा खर्च यापुढे फक्त आणीबाणीत. भागीदारांना दिलेल्या पुरवणी कार्डांवर प्रत्येकाची वेगळी मर्यादा घातली.

अर्जावर सही करताना मात्र तिघांनाही एक गोष्ट नव्याने कळली. कार्ड संस्थेच्या नावाने असले तरी थकबाकीची वैयक्तिक हमी भागीदारांनीच दिलेली होती. छोट्या व्यवसायांच्या कार्डांत हे सर्रास असते. त्याच वेळी ग्राहकांना मिळणारे कायदेशीर संरक्षण व्यवसायाच्या कार्डाला पूर्ण मिळेलच असे नाही. अमेरिकेत २००९ चा कार्ड कायदा ग्राहकांच्या कार्डांना लागू आहे, व्यवसायाच्या कार्डांना सर्वसाधारणपणे नाही. म्हणून आपल्या देशातला नियम काय आहे, व्याजदर बदलण्याआधी किती दिवसांची सूचना मिळते, आणि रद्द झालेल्या सेवेचे पैसे परत मागण्याचा अधिकार व्यावसायिक कार्डावर टिकतो का, हे अर्जाआधी विचारून घ्यावे. परिषदा रद्द होणे ज्यांच्या व्यवसायाचाच भाग आहे, त्यांच्यासाठी शेवटचा प्रश्न दोन-चार टक्क्यांहून मोठा असतो.

पुढील वर्षासाठी

कार्डांच्या अटी बदलत राहतात, म्हणून निर्णय कुठे उलटेल हेही काढून ठेवले. जाहिरात कार्डाच्या परताव्याची मासिक मर्यादा १०० वरून ६० एककांवर आली, तर उरलेला जाहिरातखर्च कॅशबॅक कार्डावर वळवूनही दोन्हींचे मिळून ८४७ एकक उरतील, आणि एकट्या कॅशबॅक कार्डाच्या ५८७ पेक्षा ते पुष्कळ अधिक आहेत. म्हणजे या बदलाने कार्ड सोडण्याची गरज नाही. परताव्याचा दर ३ वरून दीड टक्क्यावर आला, तर ते कार्ड फक्त उधार मर्यादा आणि कमी अधिभार यांसाठी उरेल, आणि ४०० एककांचे शुल्क त्यासाठी जास्त आहे.

एक बाब अजून निकालात निघालेली नाही. कॅशबॅक कार्डावर वर्षाला ५०,००० एकक खर्च झाल्यास पुढील वर्षाचे २०० एककांचे शुल्क माफ होते, आणि आजच्या विभागणीत त्यावर ४८,६६७ जातात. कमी पडणारे १,३३३ एकक जाहिरात कार्डावरून इकडे आणल्यास दीड टक्क्याचा फरक म्हणून २० एकक जातील आणि २०० वाचतील. इंधनाचे २,००० एकक याच कार्डावर दिले जातात. त्यांवर परतावा नसला तरी शुल्कमाफीच्या बेरजेत ते धरले जात असतील, तर काहीच हलवावे लागणार नाही. बँकेला तसे लेखी विचारले आहे. उत्तर येईपर्यंत हंगाम नसलेल्या महिन्यांतल्या जाहिरातींचा थोडा भाग कॅशबॅक कार्डावर द्यायला हिशेबनिसांनी सुरुवात केली आहे.